‘श्वास घेऊन राह्यला ना!’

आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या एका बाईच्या तोंडचं वाक्य घेऊ. “डॉक्टरसाहेब, पोरगा श्वास घेऊन राह्यला ना! मंग मेला कसा?”

हे वाक्य कुणा एकीचं नाही. अमरावतीत असो की अकोल्यात, डोक्याला जबर मार लागलेला माणूस जिथे मशीनवर असतो, तिथे ते या ना त्या शब्दांत बोललं जातं. समोर उभा असतो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा निवासी डॉक्टर. रात्रभर जागा असतो. या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत असतं, पण ते या बाईला मराठीत कसं सांगायचं, हे त्याला बहुधा कुणी शिकवलेलं नसतं.

मेंदूमृत्यू हा विषय आपल्याकडे एक तर वैद्यकीय पुरवणीत येतो, नाहीतर अवयवदानाच्या पोस्टरवर. पण त्यातला सगळ्यात अवघड भाग भाषेचा आहे असं मला वाटतं. म्हणून त्या बाईचं वाक्य, डॉक्टरचं वाक्य, कायद्याचा फॉर्म, वर्तमानपत्राचा मथळा आणि दोन-चार सिनेमे, हे सगळं एकाच टेबलावर ठेवून वाचू.

आधी डॉक्टरला काय माहीत आहे ते पाहू. मेंदूच्या तळाशी, मणक्याकडे उतरणारा एक देठासारखा भाग असतो, त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास घेण्याची आज्ञा तिथून सुटते. जागं असणं, गिळणं, खोकणं, डोळ्याच्या बाहुलीने उजेडाला आकसणं, या सगळ्यांचे तार तिथून जातात. तो स्तंभ कायमचा बंद पडला की माणूस स्वतःहून पुन्हा कधीच श्वास घेणार नाही. हृदयाचं मात्र वेगळं असतं. ठोके पाडण्याची यंत्रणा हृदयाच्या आतच असते, त्यामुळे व्हेंटिलेटरने प्राणवायू पुरवला तर ते काही काळ चालू राहतं. म्हणून शरीर गरम असतं, लघवी होते, मॉनिटरवर रेघ नाचत असते. कोमातला माणूस कधी कधी परत येतो. हा माणूस येत नाही.

हे ठरवायच्या चाचण्या खाटेशेजारीच होतात. आधी खात्री करायची की झोपेचं औषध, विषबाधा, शरीराचं उतरलेलं तापमान किंवा रक्तातला बिघाड यांमुळे तर तो असा पडलेला नाही. मग बाहुलीवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी. कशालाच प्रतिसाद नाही. शेवटी श्वासाची चाचणी. भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर सोडवतात आणि छाती-पोटाकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तो पाऱ्याच्या ६० मिलीमीटरपर्यंत चढला, की जिवंत स्तंभ असलेला माणूस गप्प राहूच शकत नाही, एक तरी श्वास ओढतोच. इथे छाती हलत नाही. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायचं.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने हा मृत्यू भारतात मान्य केला. महाराष्ट्र हा कायदा सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या राज्यांपैकी एक. प्रमाणपत्रावर चौघांच्या सह्या लागतात : रुग्णालयाचा प्रमुख, बाहेरचा एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद, आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं कुणीही त्यात असता कामा नये. २०११ च्या दुरुस्तीने एक सोय केली. मेंदूतज्ज्ञ मिळत नसेल तर सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागातला तज्ज्ञ चालेल. जिल्ह्याच्या गावांसाठी ही सोय मोठी आहे. त्याच दुरुस्तीने आयसीयूतल्या डॉक्टरवर आणखी एक काम टाकलं : नातेवाइकांना अवयवदानाचा पर्याय आहे हे सांगायचं, विचारायचं.

२०१४ च्या नियमांत या सगळ्याचे फॉर्म आहेत. नमुना १० हा प्रमाणपत्राचा, नमुना ८ नातेवाइकाच्या संमतीचा, मूल अठराच्या आतलं असेल तर नमुना ९. नमुना १० हा फॉर्म म्हणून चांगला आहे. एकेक चाचणी, पहिली तपासणी, दुसरी तपासणी. डॉक्टर एखादी पायरी विसरू शकत नाही. पण त्या दोन तपासण्यांच्या मध्ये जे सहा तास आहेत, त्यांना फॉर्ममध्ये रकाना नाही. वाशीमहून मामा निघालेला असतो, मूर्तिजापूरहून चुलते येतात, कुणीतरी नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतो, कुणी म्हणतं “मुंबईले नेऊ”. त्या बाईचं वाक्य याच सहा तासांत येतं.

आता ते वाक्य नीट ऐका. “श्वास घेऊन राह्यला.” प्रमाण मराठीत आपण ‘श्वास घेतो आहे’ म्हणू. वऱ्हाडीत चालू असलेली क्रिया ‘-ऊन राह्यला’ने सांगतात : जेवून राह्यला, येऊन राह्यला, झोपून राह्यला. या रूपात क्रिया चालू आहे एवढंच नाही, तर करणारा तिथे ‘राहिलेला’ आहे, असंही कानाला लागतं. ‘राहणं’ हे असण्याचं क्रियापद आहे. त्या बाईने नकळत पुरावाच मांडला आहे : तो राह्यला आहे, म्हणजे आहे.

डॉक्टरचं नेहमीचं उत्तर असतं : “त्यांचा ब्रेन डेड झालाय, बाकी सगळं मशीनवर चालू आहे.” यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे, आणि वाक्य म्हणून ते पार फसलेलं आहे. ‘ब्रेन डेड झालाय’ म्हटलं की मेलेला ठरतो ब्रेन. किडनी फेल झाली, लिव्हर खराब झालं, त्याच ओळीत ब्रेन डेड झाला. एक अवयव गेला, माणूस शिल्लक. ‘बाकी सगळं चालू आहे’ने तर उरलीसुरली शंकाही घालवली. ‘मेंदूमृत’ या मराठी शब्दाचंही तेच होतं. मृत कोण, तर मेंदू. शब्द तयार करणाऱ्यांचा हेतू असेल ‘मेंदूच्या खुणांवरून ओळखलेला मृत्यू’ असा, पण कानाला ऐकू येतो तो ‘मेंदूपुरता मृत्यू’.

वर्तमानपत्रं त्यात भर घालतात. ‘ब्रेनडेड रुग्णाच्या अवयवदानाने चौघांना जीवदान’ अशा धाटणीचे मथळे आपण सगळ्यांनी वाचलेत. ‘रुग्ण’ म्हणजे आजारी, आणि आजारी म्हणजे जिवंत. खाली बातमीत लिहिलेलं असतं की अवयव काढल्यानंतर व्हेंटिलेटर बंद करण्यात आला आणि त्याने अखेरचा श्वास घेतला. एकाच बातमीत माणूस दोनदा मरतो, आणि दुसऱ्यांदा तो डॉक्टरच्या हातून मरतो! वाचणाऱ्याच्या मनात नेमकं तेच रुजतं जे आयसीयूतल्या डॉक्टरला पुसायचं असतं.

याखाली आणखी एक जुना थर आहे. आपल्याकडे मेलेल्या माणसाची बातमी फोनवर कधी सरळ देतात का? “सिरियस आहे, लवकर ये.” गाडीत बसलेल्याला गाव येईपर्यंत कळलेलं असतं, पण बोलत कुणी नाही. ‘सिरियस’ हा आपल्या भाषेतला मृत्यूचा सौम्य शब्द आहे. आपण मेलेल्याला सिरियस म्हणत आलो. आणि आता हा डॉक्टर, जो दिसायला फक्त सिरियस आहे, त्याला मेला म्हणतो. बाईला तो उलटा खोटं बोलतोय असं वाटलं, तर त्याला अडाणीपणा किंवा अंधश्रद्धा म्हणू नये.

हाच प्रसंग एका दिग्दर्शकाने दोन सिनेमांत केला आहे. पेद्रो अल्मोदोवारचा ‘द फ्लॉवर ऑफ माय सीक्रेट’ (१९९५) सुरू होतो तोच मुळी अशा खोलीत. दोन डॉक्टर एका आईला तिच्या मुलाबद्दल समजावत आहेत. तिला ते उमगत नाही. डॉक्टर धीराने पुन्हा सांगतात, पुन्हा निसटतं. आपण अस्वस्थ होतो, आणि मग कळतं की हे प्रशिक्षण आहे. बाई नर्स आहे, आईचं काम करते आहे, चित्रण चालू आहे आणि बाकीचे बघत आहेत. चार वर्षांनी ‘ऑल अबाऊट माय मदर’ (१९९९) मध्ये तोच धागा नायिकेच्या आयुष्यात शिरतो. मान्युएला माद्रिदच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाचं समन्वयाचं काम करते, डॉक्टरांच्या सरावात नातेवाईक होऊन बसते. तिचा मुलगा एस्तेबान वही घेऊन तो सराव पाहतो. पुढे पावसाच्या रात्री एका नटीच्या सहीसाठी तो गाडीमागे धावतो आणि दुसरी गाडी त्याला उडवते. मग मान्युएला त्याच खुर्चीवर बसते, तेच डॉक्टर समोर. तिला सगळं आधीच माहीत आहे, म्हणून त्यांना काही बोलताच येत नाही.

अल्मोदोवारची ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. स्पेनने १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी केली, रुग्णालयांत समन्वयक नेमले आणि अशा कठीण संवादाचं प्रशिक्षण नियमित केलं. आज तिथे दर दहा लाख लोकांमागे मृत्यूनंतर अवयव देणारे ४५ हून जास्त असतात. भारतात हा आकडा एकाहूनही कमी. याची कारणं अनेक आहेत : आयसीयूच्या खाटा, पैसा, आरोग्यव्यवस्था. पण त्यांनी बोलण्याला कौशल्य मानलं, इंजेक्शन देण्यासारखं, सरावाने येणारं, हे त्यातलं एक.

तरी मला या दोन दृश्यांबद्दल एक तक्रार आहे. दोन्हीकडे सगळं खुर्च्यांवर बसून, शब्दांत होतं. त्या आईला समजत नाही, कारण तिला फक्त सांगितलं जातं. श्वासाची चाचणी आपल्याला दिसत नाही, तिलाही दिसत नाही. माईलिस द केरांगाल या फ्रेंच लेखिकेची ‘रेपारे ले व्हिव्हां’ (२०१४) ही कादंबरी या विषयावरची माझ्या माहितीतली सगळ्यात सुंदर कादंबरी. एका तरुणाच्या मृत्यूपासून त्याच्या हृदयाच्या प्रत्यारोपणापर्यंतचे चोवीस तास त्यात आहेत. तिचा समन्वयक तर अवयव काढल्यावर देह धुतो आणि त्याच्यासाठी गातो. पण आईबापांशी होणारं बोलणं तिथेही मुख्यतः शब्दांचंच. साहित्य शब्दांवर विश्वास ठेवतं, हे समजण्यासारखं आहे. आयसीयूत मात्र शब्द पुरत नाहीत.

आपला मराठी सिनेमा याच्या उलट बाजूने येतो. राजेश मापुस्करच्या ‘व्हेंटिलेटर’ला (२०१६) दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता, कारण आयसीयूबाहेरचा पॅसेज मराठीत इतका खरा आधी कुणी दाखवला नव्हता. गणपती तोंडावर आलेत, गजानन कामेरकर आत मशीनवर, बाहेर अख्खं खानदान. कुणी सुतकाचा हिशेब करतं, कुणी जुनं भांडण उकरतं, कुणी डबा उघडतं. बाप-लेकाचं न बोलणं मध्ये दगडासारखं पडलेलं. सिनेमाचं लक्ष निदानावर नाही, नात्यांवर आहे. म्हणून तो डॉक्टरांना प्रशिक्षणात दाखवावा असं मला वाटतं. दारातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरला समोर ‘नातेवाईक’ नावाचा एक गठ्ठा दिसतो. तो गठ्ठा नसतो, हे ‘व्हेंटिलेटर’ दाखवतो. निर्णय सही करणारा घेत नाही. मागे भिंतीला टेकून उभी असलेली आत्या घेते, किंवा अजून एसटीत असलेला थोरला भाऊ. अल्मोदोवारच्या खोलीत एक आई आणि दोन डॉक्टर असतात. वऱ्हाडात एक डॉक्टर आणि बावीस माणसं.

‘ट्रॅफिक’चंही नाव घ्यायला हवं. आधी मल्याळममध्ये (२०११), मग हिंदीत (२०१६). हिंदीत हृदय मुंबईहून पुण्याला न्यायचं आहे. घड्याळ, पोलीस, रस्ता, थरार. मुलाच्या आईबापांशी बोलणं तिथे या शर्यतीतला पहिला अडथळा म्हणून येतं. त्यांनी लवकर ‘हो’ म्हणावं असं आपल्यालाही वाटू लागतं, आणि इथेच सिनेमा आपल्याला चुकीच्या बाजूला उभं करतो. ‘ग्रीन कॉरिडॉर’च्या बातम्यांचंही हेच होतं. रस्ता मोकळा केल्याचं कौतुक, रस्त्याच्या आधीच्या खोलीबद्दल चकार शब्द नाही.

रस्त्यावरून आठवलं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. वर्षानुवर्षं खड्ड्यांत आदळणाऱ्या आम्हा लोकांना त्याचं अप्रूप होतंच. चांगल्या रस्त्याने वेग येतो, आणि हेल्मेट न घालता वेगात जाणारी पोरंही येतात. विदर्भातल्या अवयवांच्या वाटपाचं काम नागपूरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते, अमरावतीच्या ‘सुपर स्पेशालिटी’त मूत्रपिंड प्रत्यारोपणं होतात, म्हणजे व्यवस्थेची हाडं आहेत. भारतात तरीही मूत्रपिंड बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाचंच घ्यावं लागतं. हाडं आहेत, पण बोलणारी जीभ अजून तयार झालेली नाही.

माझा मुख्य आक्षेप आता सांगतो. आपल्याकडे हा मृत्यू बहुधा तेव्हाच उच्चारला जातो, जेव्हा अवयव मागायचे असतात. व्याख्याच अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. अवयव द्यायचे नसतील तर पुढे काय, व्हेंटिलेटर काढायचा की नाही, याबद्दल डॉक्टर बिचकतात आणि मशीन चालू राहतं, बिल चालू राहतं. केरळने २०२० मध्ये सरकारी आदेश काढून मेंदूमृत्यूचं निदान अवयवदानाशी न बांधता करायची पद्धत घालून दिली. बाकीकडे बापाला जे ऐकू येतं ते असं : “तुमचा मुलगा गेला, त्याच्या किडन्या द्याल का?” पहिलं वाक्य दुसऱ्यासाठीच बोललं गेलं, असा संशय त्याला येणारच. प्रशिक्षणातला पहिला नियम म्हणूनच असा असतो की ही दोन वाक्यं वेगळी करा. आधी मृत्यू सांगा. मग थांबा. ते रडतील, भांडतील, दुसरा डॉक्टर मागतील. मृत्यू पोचला असं दिसल्यावर, शक्यतो दुसऱ्या माणसाने, समन्वयकाने, दानाचं बोलायचं. घाईत हा नियम मोडला तर सही मिळेलही. पण ज्या आईला ‘मेला’ हे ऐकू आलेलं नाही, तिने नमुना ८ वर केलेली सही तिच्या लेखी पोराला मारायची परवानगी असते. ती सही घेऊन ती तेरवी करते, आणि पुढची वीस वर्षं त्या सहीबरोबर राहते.

मग शिकवायचं काय? २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा आपला पहिला शिक्षक, असा एक धडा त्यात आहे. चांगली सुरुवात आहे. चेन्नईची मोहन फाउंडेशन १९९७ पासून या क्षेत्रात आहे आणि समन्वयकांना प्रशिक्षण देते. पण पुस्तकं इंग्रजीत, नमुना-संवाद इंग्रजीत. अकोल्याच्या सर्वोपचारमधला निवासी डॉक्टर कोकणातला किंवा राजस्थानातला असू शकतो. समोरची माय दर्यापूरची असते. धारणी-चिखलदऱ्याहून आणलेल्या पोराची आई कोरकू बोलते. तिच्यासाठी तर दुभाषा लागेल, आणि तो दुभाषा बहुधा वॉर्डातला एखादा मामा असतो, ज्याला स्वतःलाच हे कळलेलं नसतं.

मी तीन गोष्टी शिकवीन. पहिली, आधी विचारा. “मावशी, आतापर्यंत डॉक्टरांनी तुम्हाले काय सांगितलं?” वाईट बातमी सांगायच्या सगळ्या आधुनिक पद्धतींत ही पायरी आहे. पण अमरावतीत ती परदेशातून आणायची गरज नाही. गाडगेबाबा कीर्तनात उपदेश करत सुटत नसत. ते विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि सगळं वऱ्हाडीत. लोकांच्या तोंडून काय निघतंय हे ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. ज्या शहरात त्यांची समाधी आहे, तिथल्या डॉक्टरला याहून चांगला गुरू कुठे मिळेल?

दुसरी, कर्ता बदला. “श्वास घेऊन राह्यला ना” याला “ब्रेन डेड आहे” हे उत्तरच नव्हे. उत्तर असं : “मावशी, तो घेऊन नाही राह्यला. मशीन हवा भरून राह्यली. तुमचा मुलगा गेला.” वाक्य छोटं, कर्ता मशीन, आणि शेवटी ‘गेला’. मेंदू नाही, मुलगा. ‘आता काही सांगता येत नाही’ नाही, ‘देवाच्या हातात’ नाही, ‘सिरियस’ तर नाहीच.

तिसरी, दाखवा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये झालेल्या एका अभ्यासात काही नातेवाइकांना तपासणीच्या वेळी खाटेजवळ थांबू दिलं होतं. २०१४ मध्ये तो छापून आला. जे थांबले त्यांना मेंदूमृत्यू जास्त नीट समजला आणि त्यांच्या मनावर जास्त आघात झाल्याचं दिसलं नाही. सगळ्यांना हे झेपणार नाही, सक्ती तर नकोच. पण ज्याला हवं त्याला आत येऊ द्या. मशीन सुटलेलं आहे, दहा मिनिटं होत आली, छाती हलत नाही. जी गोष्ट चार डॉक्टरांनी पाहून सही केली, ती बापाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तर वाक्याची अर्धी लढाई तिथेच संपते.

एवढं करूनही घरचे ‘नाही’ म्हणू शकतात. म्हणू द्यावं. चांगल्या संवादाची परीक्षा ‘हो’ने होत नाही. परीक्षा अशी : दोन वर्षांनी ती बाई कुणाला सांगताना काय म्हणते? “आम्ही त्याची मशीन काढू देली” म्हणते, की “तो तं आधीच गेलता”? पहिल्या वाक्यात ती गुन्हेगार आहे, दुसऱ्यात आई. मान्युएलाला तर सगळं समजलं होतं, तरी ती मुलाचं हृदय कुठे गेलं ते शोधत माद्रिदहून निघालीच. समजल्याने दुःख कमी होत नाही. फक्त त्या दुःखात आपणच मारल्याचा सल राहत नाही. एका निवासी डॉक्टरकडून, पहाटे चार वाजता, एवढंच मागायचं आहे. आणि त्यासाठी त्याला आधी सराव द्यायचा आहे, त्याच्या समोरच्या माणसाच्या बोलीत.